कोवलमचा किनारा आणि मुलांच्या आतड्यांचा दाह

चेन्नई शहर मागे टाकून महाबलीपुरमच्या वाटेने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी मुत्तुकाडूची खाडी ओलांडतो आणि थोड्याच वेळात कोवलम या मच्छीमारांच्या गावाशी येऊन पोचतो. केरळात याच नावाचे एक प्रसिद्ध गाव आहे. हे त्याहून निराळे. हे बंगालच्या उपसागरावरचे, चेंगलपट्टू जिल्ह्यातले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्टेंडच्या व्यापारी कंपनीने येथे वखार घातली होती. पुढे इंग्रज आणि फ्रेंच यांच्या झटापटीत १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने येथील किल्ला घेतला. त्या वैभवाचे आता नावापुरते अवशेष उरले आहेत. गावात दर्गा आहे, ख्रिस्तमंदिर आहे, आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आहेत. पूर्वी ओंडके एकत्र बांधून केलेली कट्टुमरम् येथून पाण्यात लोटली जात. आता होड्यांना यंत्रे बसली आहेत. वंजिरम् म्हणजे सुरमई, वव्वाल म्हणजे पापलेट, मत्ती म्हणजे तारली. नावे तेवढी बदलतात. टोपलीतला माल कोकणातल्या कोळणीने सहज ओळखावा असाच असतो.

अशा या किनाऱ्यावरील एखाद्या घरात, समजा, अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. दोन वर्षांपूर्वी तो आपल्या धाकट्या भावापेक्षा वीतभर उंच होता. आता दोघे डोक्याला डोके लावून उभे राहतात. शाळेचा सदरा दोन वर्षे झाली तरी तोकडा होत नाही. आईला वाटते, कापड चांगले निघाले. मुलाचे पोट अधूनमधून दुखते, बहुधा उजव्या बाजूला आणि जेवणानंतर. मधूनच तोंड येते. संध्याकाळी अंगात कणकण असते. कधी चार दिवस जुलाब, कधी काहीच नाही. पाट्टी, म्हणजे घरातली आजी, दृष्ट काढते. मग जंतांचे औषध होते, मग आवेचे, मग टॉनिकाची बाटली येते. मुलगा अंग धरीत नाही, एवढेच सर्वांच्या ध्यानात येते. तो का धरीत नाही, हे मात्र कोणाला उमगत नाही.

या का चे जे एक उत्तर असू शकते, त्याला वैद्यकात दाहक आंत्रविकार असे म्हणतात. हा शब्द नवा असला तरी दुखणे पुरातन असावे. आपल्या वैद्यांनी ग्रहणी आणि रक्तातिसार या नावांखाली ज्या चिवट तक्रारी वर्णिल्या, त्यांत असे काही रुग्ण असतीलही. परंतु नावावरून रोग ओळखू जाणे धोक्याचे, म्हणून त्या वाटेने फार दूर जाता येत नाही. आधुनिक अर्थाने या विकाराचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात फक्त मोठ्या आतड्याचे अस्तर सुजते, सोलवटते आणि त्यातून रक्त येते. यास व्रणयुक्त बृहदांत्रदाह किंवा इंग्रजी नावाच्या अनुरोधाने अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. दुसरा प्रकार क्रोन यांच्या नावाने ओळखला जातो. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. मधला काही भाग निरोगी सोडून पुढे पुन्हा प्रकट होतो. आणि अस्तरापुरता न थांबता आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो. त्यामुळे आतडे कोठे आवळते, कोठे त्याला पू होतो, तर कोठे भगंदर वाहू लागते. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते, ती जागा या रोगाची विशेष आवडती होय.

हा जंतूंमुळे एकाकडून दुसऱ्यास होणारा रोग नव्हे. आतड्यात अब्जावधी सूक्ष्मजीव नांदत असतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना बिऱ्हाडकरू म्हणून सांभाळून घेते. पहारेकऱ्याने घरच्याच माणसांवर काठी उगारावी तसे येथे होते. ही यंत्रणा त्या रहिवाशांवर उठते, आणि मार बसतो तो आतड्याच्या भिंतीला. काही घराण्यांत याकडे उपजत कल असतो. फार कोवळ्या वयात, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, विकार सुरू झाला तर एखाद्या एकट्या जनुकातील दोषही कारण ठरतो. २००९ साली तान्ह्या मुलांतील असा एक दोष ओळखला गेला, आणि अस्थिमज्जा बदलून त्यावर उपाय करता येतो हेही दिसून आले. परंतु बहुसंख्य मुलांत कारण एक नसते. कल, सूक्ष्मजीव, आहार आणि परिस्थिती यांची गाठ पडते तेव्हा रोग उद्भवतो.

या विकाराच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत आजारी पडतो. मुलांचा रोग म्हणजे मोठ्यांच्या रोगाची लहान आवृत्ती, अशी समजूत करून घेणे मात्र चुकीचे होईल. मोठ्यांत बृहदांत्रदाह पुष्कळदा आतड्याच्या शेवटच्या भागापुरता राहतो. मुलांत तो बहुधा संबंध मोठे आतडे व्यापतो. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भेद म्हणजे मुलाला वाढावयाचे असते. दाहातून निर्माण होणारी द्रव्ये रक्तावाटे यकृतापर्यंत जातात, तेथे वाढीला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे काम मंदावते, आणि हाडांच्या टोकांशी जी वाढीची कूर्चा असते तिच्यावरही त्यांचा परिणाम होतो. त्यात खाल्ले की दुखते म्हणून मूल खाणे टाळते, आणि जे खाते तेही पुरते अंगी लागत नाही. पौगंडावस्था लांबते. म्हणूनच क्रोनच्या विकारात पुष्कळदा जुलाबांच्या आधी उंची बोलते. ती थांबलेली असते आणि पोट अजून गप्प असते. वाढीची वर्षे मोजकी असतात. हाडांची टोके एकदा सांधली गेली की मागून दिलेले औषध पोटाला बरे करील, परंतु हुकलेली उंची परत आणून देणार नाही.

या रोगाचा वैद्यकीय इतिहास फार जुना नाही. १८५९ साली लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी मोठ्या आतड्याच्या अशा दाहाचे वर्णन केले. १९१३ साली ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झील यांनी आतड्याच्या एका विलक्षण सुजेचे रुग्ण मांडले आणि त्या सुजेचे गुरांना होणाऱ्या आंत्ररोगाशी साम्य आहे, असे नमूद केले. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या या विकारावर निबंध प्रसिद्ध केला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे लावलेली असल्यामुळे क्रोन यांचे नाव आधी आले आणि रोगाला तेच चिकटले. त्या निबंधाने केलेले खरे काम निराळेच होते. तोवर अशा रुग्णांना आतड्याचा क्षय झाला आहे, असे पुष्कळदा मानले जाई. हा क्षय नव्हे, हे त्या तिघांनी ठासून सांगितले. १९५६ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर याच विकारासाठी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले.

जो प्रश्न न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली बव्हंशी मिटला, तो भारतात अद्याप मिटलेला नाही. आपल्या देशात आतड्याचा क्षय हा काल्पनिक शत्रू नव्हे. तो आजही प्रत्यक्ष आहे. त्याचीही आवडती जागा तीच, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याची. त्यातही ताप असतो, वजन उतरते, उजव्या कुशीत गोळा लागतो. दुर्बिणीतून पाहिले तर दोहोंतही व्रण दिसतात. अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दोहोंतही पेशींच्या गाठी आढळतात. क्षयाच्या गाठी मोठ्या असतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्या मध्यभागी पनिरासारखा मृत अंश सापडतो. पण तो प्रत्येक तुकड्यात सापडेलच असे नाही. क्षयजंतू स्वतः हाती लागला तर वाद संपतो. परंतु आतड्यात जंतूंची संख्या एवढी विरळ असते की संवर्धनात किंवा नव्या जनुकीय चाचणीतही तो पुष्कळदा निसटतो. विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिन मोजण्याची परीक्षा मुलांसाठी मोठी सोयीची आहे, कारण तिला सुई लागत नाही. तीवरून आतड्यात दाह आहे की नाही हे कळते. तो कोणाचा, हे कळत नाही.

आणि येथेच कोवलमच्या त्या मुलाचे सारे भवितव्य एका निर्णयावर येऊन ठेपते. रोग क्रोनचा समजून स्टेरॉइड दिले आणि तो क्षय निघाला, तर दबलेला क्षय उफाळून सर्वांगात पसरू शकतो. रोग क्षयाचा समजून औषधे दिली आणि तो क्रोनचा निघाला, तर ती औषधे त्या रोगास शिवतही नाहीत. दाह आत धुमसत राहतो, आतडे आवळत जाते, आणि वाढीचे एक अमोल वर्ष निघून जाते. फसवणुकीची जागा तर पुढेच आहे. क्रोनच्या काही रुग्णांना क्षयाच्या औषधांनी सुरुवातीस बरे वाटते. ताप उतरतो, दोन घास अधिक जातात, घरात समाधान पसरते. व्रण मात्र जेथल्या तेथे असतात. म्हणून अशा संशयाच्या प्रसंगी जाणते वैद्य एक शिस्त पाळतात. क्षयाची औषधे दिली, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने आत पाहावयाचे. व्रण भरून आले असतील तर क्षय मानून औषधक्रम पुरा करावयाचा. भरले नसतील, तर बरे वाटण्यावर न विसंबता निदान पुन्हा तपासावयाचे. ही दुसरी तपासणी टाळण्याकडे घरच्यांचा कल असतो, आणि तो समजण्यासारखा आहे: मूल खेळू लागले आहे, त्याला पुन्हा भूल का द्यावी? परंतु त्या एका तपासणीत वर्ष वाचविण्याची शक्ती असते.

ज्या शहराच्या सावलीत कोवलम वसले आहे, त्या शहराचे क्षयाच्या इतिहासातील स्थान मोठे आहे, ही गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षय-रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. क्षयरोग्याला आरोग्यधामात हवा, विश्रांती आणि सकस आहार मिळाल्यावाचून गुण येत नाही, ही त्या काळची श्रद्धा. १९५९ साली त्या केंद्राने दाखवून दिले की योग्य औषधे नियमित घेतली तर दाटीवाटीच्या घरात राहणारा गरीब रोगीही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. साऱ्या जगाचे धोरण त्या एका निष्कर्षाने बदलले. पुढे याच संस्थेने पोटातील क्षयावरही प्रयोग केला, आणि सहा महिन्यांचा औषधक्रम बारा महिन्यांच्या क्रमाइतकाच गुणकारी ठरल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. क्षय हरविता येतो, हे या भूमीने सिद्ध केले आहे. आता उरलेले काम अधिक सूक्ष्म आहे: जो क्षय नाही त्याला क्षय न म्हणण्याचे.

आता माशांकडे वळावयास हरकत नाही. चेन्नईच्या पश्चिमेस वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. क्रोनच्या विकाराचे दोनशे रुग्ण आणि पोटाची तक्रार नसलेली तितकीच माणसे घेऊन त्यांनी दोन्ही गटांच्या राहणीची तुलना केली. इतर सर्व गोष्टी बाजूला काढल्यावर तीन बाबी उरल्या. जे नियमाने मासे खात, त्यांत हा विकार कमी आढळला. ज्यांच्या घराच्या आवारात गुरे होती, त्यांतही तो कमी होता. आणि ज्यांना पिण्याचे पाणी शुद्ध मिळत होते, त्यांत तो अधिक होता. याच महाविद्यालयातून २००८ साली असेही दिसून आले होते की युरोपीय रुग्णांत या विकाराशी निगडित असलेले एका जनुकातील ठराविक बदल भारतीय रुग्णांत आढळत नाहीत. तेव्हा कलाची वाट येथे निराळी असणार आणि परिस्थितीचा शोध येथेच घ्यावा लागणार, हे उघड झाले.

मासे, गुरे आणि नळ, या तीन गोष्टी ऐकून कोवलमसारखे गाव डोळ्यांपुढे उभे राहिल्याखेरीज राहत नाही. तथापि असे निष्कर्ष वाचताना सावधपणा हवा. शुद्ध पाणी पिणाऱ्यांत रोग अधिक, याचा अर्थ शुद्ध पाण्याने रोग होतो असा नव्हे. नळ हा समृद्धीबरोबर येणाऱ्या पुष्कळ गोष्टींचा निशाणी-दगड आहे. नळाबरोबर बंद घर येते, तयार पाकिटातला खाऊ येतो, प्रतिजैविकांच्या गोळ्या लवकर हाती येतात, मातीशी आणि जनावरांशी असलेला संबंध सुटतो. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधील मुलांच्या पाहणीवरून एक तर्क मांडला होता. मोठ्या भावंडांच्या सहवासात लहानपणी होणारे संसर्ग पुढच्या ॲलर्जीपासून मुलाला वाचवीत असावेत, असा तो तर्क होता. तोच धागा पुढे आतड्यांच्या दाहापर्यंत आणला गेला. काही संशोधकांनी तर रुग्णांना डुकरातील जंतांची अंडी पाजून पाहिली. आरंभीची आशा मोठ्या प्रयोगांत टिकली नाही. माशांच्या तेलाचीही तीच गत झाली. १९९६ साली इटलीतील एका लहान प्रयोगाने उमेद दिली, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांनी ती काढून घेतली. ताटातला मासा आणि कुपीतले तेल एक नव्हे, एवढाच धडा त्यातून घेता येईल. आणि पाण्याविषयी तर संशयास जागाच नको. हगवणीने आणि विषमज्वराने या देशात जेवढी मुले नेली आहेत, त्यांच्यापुढे या विकाराची संख्या नगण्य आहे. नळ हवाच. प्रश्न एवढाच की नळाबरोबर आणखी काय काय घरात शिरले, याचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

हा हिशेब ज्यांनी नकळत ठेवला, ते परदेशी गेलेले भारतीय. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९८५ ते २००५ या काळातील मुलांची पाहणी झाली. तीत दक्षिण आशियाई घराण्यांतील मुलांत या विकाराचे प्रमाण इतर मुलांच्या सुमारे तिप्पट आढळले. ज्यांच्या आजोबांच्या गावी या रोगाचे नावही कोणास ठाऊक नव्हते, त्यांची नातवंडे तिकडच्या मूळ रहिवाशांच्याही पुढे गेली. मराठी कुटुंबे ज्या ज्या देशी स्थायिक झाली आहेत, तेथे त्यांनी ही गोष्ट मनात बाळगणे हिताचे आहे. भारतातही हा विकार वाटतो तितका विरळ नाही. पंजाबातील पाहणीत व्रणयुक्त दाहाचे प्रमाण दर लाखास ४४ असल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. तो केवळ श्रीमंतांचा आणि शहरांचा रोग, ही समजूतही आता मागे पडत चालली आहे.

उपचारांच्या बाबतीत मात्र काळाने मुलांची बाजू घेतली आहे. १९४० च्या सुमारास स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांनी सांधेदुखीसाठी योजलेले सल्फासॅलाझीन आतड्यांच्या दाहावरही चालते, हे दिसून आले. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनचा गुण रीतसर प्रयोगाने सिद्ध केला. स्टेरॉइडने आग झपाट्याने विझते. परंतु ते दीर्घकाळ चालविले तर हाडे ठिसूळ होतात आणि वाढ खुंटते. ज्या मुलाची वाढ रोगानेच अडविली आहे, त्याला वाढ अडविणारेच औषध देण्याची पाळी यावी, ही मोठी विवंचना होती.

ती दूर करणारा एक मार्ग साधा आणि तितकाच कठीण आहे. क्रोनचा विकार झालेल्या मुलास सहा ते आठ आठवडे नेहमीचे सर्व अन्न बंद करून केवळ विशिष्ट द्रवाहारावर ठेवावयाचे. पुष्कळ मुलांत याने दाह स्टेरॉइडइतकाच शमतो, आतड्याचे अस्तर भरून येते, आणि वजन व उंची पुन्हा धावू लागतात. परंतु हा उपाय कोवलमच्या घरात नेऊन पाहावा. सकाळी होडी परतते, दुपारी कुळंबू उकळतो, त्याचा वास गल्लीभर दरवळतो, सारी भावंडे ताटावर बसतात, आणि एका मुलाने पेल्यातले दूधवजा पेय प्यावयाचे. एक दिवस नव्हे, पन्नास दिवस. ज्या घरी माणसाला जेवू घालणे हीच माया, तेथे आईला स्वतःचा हात आखडून धरावा लागतो. ही गोष्ट औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. म्हणून ज्या रुग्णालयांत हा उपचार यशस्वी होतो, तेथे आहारतज्ज्ञ आईशी जेवढे बोलतो तेवढेच आजीशीही बोलतो, आणि पुष्कळदा सगळे घर दुपारचे जेवण त्या मुलाच्या नजरेआड उरकू लागते.

याहून बळकट रोगासाठी संरक्षक यंत्रणेला आवर घालणारी औषधे आहेत. १९९८ साली इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिद्रव्य क्रोनच्या विकारासाठी अमेरिकेत मान्य झाले आणि २००६ साली मुलांसाठीही. दाहाचा हुकूम वाहून नेणारे जे द्रव्य शरीरात असते, त्यालाच ते पकडते. पण शरीर झोपी गेलेल्या क्षयजंतूंना गाठीत कोंडून ठेवते तेही त्याच द्रव्याच्या बळावर. तेव्हा हे औषध देण्यापूर्वी मुलाच्या शरीरात क्षय लपलेला नाही ना, हे तपासणे भाग असते. हा प्रश्न पुन्हा पुन्हा त्याच दाराशी येतो तो असा. खर्चाचा भारही लहान नाही. २०१४ साली अहमदाबादच्या एका औषधनिर्मात्यांनी याच जातीच्या अडॅलिमुमॅबची प्रतिकृती जगात प्रथम बाजारात आणली, आणि किंमती खाली आल्या. तरीही रोजच्या मासळीवर पोट भरणाऱ्या घराला त्या झेपतील असे म्हणवत नाही. क्षयाची औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात, आणि २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणे सक्तीचे आहे. या विकारासाठी तशी सक्तीची नोंद नाही. ज्याची मोजदाद नाही त्याची तरतूद होणे कठीण, हा राज्यकारभाराचा जुना अनुभव आहे.

तथापि सर्व काही महागड्या औषधांवर अवलंबून आहे असे नाही. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे भिंतीवर उंची मोजण्याची पट्टी. शाळांतून मुलांची उंची आणि वजन घेतले जाते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणीही होते. परंतु आकडा एका वर्षाचा असेल तर तो मुका असतो. मागच्या वर्षाच्या आकड्याशेजारी ठेवला की तो बोलतो. ज्या मुलाची उंची वर्षभरात जवळजवळ जागची हलली नाही, त्याला नुसती टॉनिकाची बाटली देऊन परत पाठवू नये. त्याच्याबरोबर पोटदुखी असेल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, शौचावाटे रक्त जात असेल, गुदद्वाराशी गळू होत असेल, वारंवार ताप येत असेल किंवा सांधे धरत असतील, तर मुलांच्या रुग्णालयाची वाट धरावी. आवेवर एक-दोनदा औषध होऊनही रक्त थांबले नाही, तर तिसऱ्यांदा तेच औषध देण्यापूर्वी थांबून विचार करावा.

निदान झाल्यावर मुलाला सांभाळणे हे केवळ वैद्याचे काम राहत नाही. हा विकार बहुधा जन्माचा सोबती असतो. तो महिनोन्‌महिने निजतो आणि एखाद्या दिवशी जागा होतो. बरे वाटते म्हणून औषध सोडणे, हे त्याला जागे करण्याचे सर्वांत सोपे साधन. शाळेत अशा मुलाला वर्ग सोडून जाण्याची परवानगी मागावी लागू नये, आणि शाळेचे शौचालय स्वच्छ व आडोशाचे असावे; या दोन गोष्टींना पैसे थोडेच लागतात. परीक्षेच्या दिवशी त्याला दाराजवळची जागा द्यावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पोटाच्या वेदनेपेक्षा चारचौघांतली शरम अधिक बोचते. तो कारण न सांगता शाळा चुकवू लागतो, आणि मास्तरांना तो आळशी वाटू लागतो. आपल्या समाजात पोटाच्या दुखण्याची वाच्यता करणे असभ्य मानतात. या संकोचापायी किती मुले मुकाट्याने सोसत असतील याची गणती नाही. मुलींच्या बाबतीत तर हा संकोच दुप्पट होतो, कारण तेथे लग्नाची चिंता आधीच दाराशी येऊन उभी असते. वस्तुतः रोग आटोक्यात असलेल्या मुली पुढे संसार करतात, माता होतात, नोकऱ्या करतात. ज्याच्या आतड्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, तो अध्यक्ष त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुन्हा निवडून आला आणि त्याने पुढची चार वर्षे एका महासत्तेचा कारभार पाहिला, हे उदाहरण या दृष्टीने सांगण्यासारखे आहे.

कोवलमच्या किनाऱ्यावर २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीच्या लाटा आल्या, तेव्हा संकट सर्वांना दिसले. साऱ्या देशाने हात पुढे केला. मुलाच्या पोटात शिरणारे संकट असे गर्जत येत नाही. ते भरतीच्या पाण्यासारखे पावलापावलाने वर चढते, आणि किनाऱ्यावरच्या माणसांना ते नेहमीचेच पाणी वाटत राहते. त्याची खूण एकच: वाढणारे मूल वाढेनासे होते. ती खूण वेळेवर ओळखली गेली, क्षय आणि क्रोन यांच्या दुहीत सापडलेल्या मुलाची दुसरी तपासणी टळली नाही, आणि घराने पन्नास दिवस जीव घट्ट केला, तर वर्षा-दीड वर्षाने त्या घरात एक साधी घटना घडते. शाळा उघडण्याच्या सुमारास आई जुना सदरा मुलाच्या अंगाला लावून पाहते. बाह्या मनगटाच्या वर राहतात. कापड चांगले होते. परंतु आता नवे घ्यावे लागणार.